दख्खनचे ऊन आणि स्कॉटिश चित्रकार : जेम्स वेल्स (१७४७–१७९५) यांच्या चित्रकार्याचा परिचय

प्रस्तावना

युरोपीय निसर्गचित्रणाच्या इतिहासात उत्तरेकडील चित्रकारांना दक्षिणेच्या उन्हाची लागलेली ओढ हा एक स्वतंत्र अध्याय आहे. स्कॉटलंडसारख्या ढगाळ, थंड प्रदेशात जन्मलेले कलावंत पिढ्यान्‌पिढ्या इटली, फ्रान्सचा दक्षिण किनारा आणि स्पेन येथे जात राहिले. जेकब मोर १७७३ च्या सुमारास रोमला गेला आणि तेथेच १७९३ मध्ये वारला. विसाव्या शतकाच्या आरंभी पेप्लो, कॅडेल, फर्ग्युसन आणि हंटर या चौघांनी फ्रान्सच्या उन्हात आपली रंगसंगती उजळून घेतली. आज ते ‘स्कॉटिश कलरिस्ट’ या नावाने ओळखले जातात. मोर रोममध्ये असतानाच त्याच पिढीतील एक स्कॉटिश चित्रकार मात्र इटलीच्याही पुष्कळ दक्षिणेस, थेट मुंबई-पुण्यास येऊन पोहोचला होता. त्याचे नाव जेम्स वेल्स.

पेशवे सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा इंग्रज चित्रकार, अशी वेल्सची ओळख आपल्याकडे प्रचलित आहे. ‘इंग्रज’ हा शब्द येथे चुकीचा आहे. आणि दरबारी व्यक्तिचित्रे हा त्याच्या कार्याचा केवळ एक भाग आहे. इटालियन उन्हाची शिकवण घेऊन आलेल्या चित्रकाराची दख्खनच्या उन्हाशी गाठ पडली तेव्हा काय झाले, हा अधिक मूलभूत प्रश्न असून प्रस्तुत लेखात प्रामुख्याने त्याचाच विचार केला आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुण्याच्या चित्रकाराचे नाव टाळता येत नाही.

उत्तरेचा चित्रकार, दक्षिणेची रीत

वेल्सचा जन्म १७४७ मध्ये स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड या मासेमारीच्या गावी झाला. पुढे कुटुंबासह तो ॲबर्डीनला आला आणि तेथील मारिशल कॉलेजात शिकला. चित्रकलेत तो बहुतांशी स्वयंशिक्षित होता. व्यक्तिचित्रांवर त्याचा चरितार्थ चाले. शिवाय पूसाँच्या रीतीची निसर्गचित्रेही तो काढी, अशी नोंद त्याच्या चरित्रकारांनी केली आहे. लंडनला आल्यावर १७८८ व १७८९ मध्ये त्याची चित्रे रॉयल अकादमीच्या प्रदर्शनांत झळकली. तथापि लंडनमध्ये व्यक्तिचित्रकारांची गर्दी होती. टिली केटल, विल्यम हॉजेस, योहान झोफनी हे चित्रकार हिंदुस्थानात जाऊन आले होते आणि तेथे आश्रय मिळतो ही वार्ता सर्वश्रुत होती. १७९१ मध्ये वेल्स मुंबईस उतरला.

त्याच्या नोंदीतील ‘पूसाँची रीत’ या शब्दांचा अर्थ येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. निकोला पूसाँ, त्याचा मेहुणा गास्पार दुगे (यालाही गास्पार पूसाँ म्हणत) आणि क्लोद लोराँ हे तिघे सतराव्या शतकात रोममध्ये राहून काम करीत. रोमच्या भोवतालच्या माळरानांवरून त्यांनी निसर्गचित्राची जी घडण सिद्ध केली, ती पुढे दीडदोनशे वर्षे ब्रिटिश चित्रकारांनी जवळजवळ पाठांतरासारखी गिरवली. पुढच्या भागात एका बाजूस गडद वृक्ष, मधल्या भागात उजळलेले पाणी किंवा वाट, एखादे भग्न देवालय, आणि मागे निळसर होत विरत जाणारे डोंगर. प्रकाश बाजूने, तिरपा, सोनेरी. लोराँने तर मावळता किंवा उगवता सूर्यच चित्राच्या चौकटीत आणून बसवला. (आपल्याकडे शाळकरी मुलांच्या कागदावर दोन डोंगरांमधून जो सूर्य हमखास उगवतो, त्याची येथे आठवण होते. शिरूर-दौंडच्या सपाट माळावर तसे दोन डोंगर शोधून सापडत नाहीत, तरीही चित्र तेच असते.)

ही रीत दिसायला निसर्गाची प्रतिकृती वाटते. वस्तुतः ती एका विशिष्ट अक्षांशावरील, एका विशिष्ट वेळेच्या उन्हाचे गणित आहे.

सावलीचे माप

हे गणित साध्या काठीच्या सावलीवरून समजते. २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान असताना, पीटरहेड येथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेबत्तीस अंश वर असतो. रोमला तो सुमारे ४८ अंशांवर, तर दौंडला साडेएकाहत्तर अंशांवर असतो. म्हणजे जमिनीत उभा केलेला दहा फुटी बांबू त्या दिवशी पीटरहेडला जवळजवळ सोळा फूट सावली टाकील, रोमला नऊ फूट आणि दौंडला अवघी सव्वातीन-साडेतीन फूट. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी पीटरहेडची सावली साठ फुटांपलीकडे जाते. दौंडची त्या दिवशीची सावली नऊ फूट, म्हणजे रोमला मार्चमध्ये जेवढी असते नेमकी तेवढीच, भरते. दुसऱ्या शब्दांत, आपल्या हिवाळ्यातील सर्वांत तिरपे माध्यान्हीचे ऊन ते रोमचे वसंतातील ऊन होय. मे महिन्याच्या मध्यास तर दौंड आणि शिरूर या दोन्ही ठिकाणी एक दिवस असा येतो, की दुपारी बांबूला सावलीच उरत नाही.

निसर्गचित्रात सावली हे खोली दाखवण्याचे प्रमुख साधन असते. तिच्यामुळे जमिनीचे उंचसखलपण, झाडांमधील अंतर आणि भिंतीची जाडी उमगते. लांब सावली असलेल्या प्रदेशात शिकलेला डोळा जेव्हा सावली नसलेल्या माळावर येतो, तेव्हा त्याच्या हातातील अर्धे साधन गळून पडते. वरून पडणाऱ्या उन्हात जमीन पसरट, पांढुरकी दिसते. झाडाची सावली झाडाखालीच गोळा होते. दूरचे डोंगर निळे न दिसता धुळीत राखाडी होतात. ‘दक्षिणेचे ऊन’ हा शब्दप्रयोग युरोपीय कलासमीक्षेत सरसकट वापरला जातो. परंतु रोमचे दक्षिण आणि दख्खनचे दक्षिण यांत तेवीस अंशांहून अधिक अक्षांशांचा फरक आहे, ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही.

अशा वेळी परदेशी चित्रकारासमोर मोजकेच मार्ग उरत. पहिला, सकाळ-संध्याकाळ गाठून आपली रीत वाचवणे. दुसरा, पावसाळ्याची वाट पाहणे, कारण आषाढातील ढगाळ प्रकाश हा स्कॉटिश डोळ्याला परका नाही. तिसरा मार्ग म्हणजे उन्हातून आत, सावलीत जाणे. वेल्सच्या कामात तिन्हींच्या खुणा आढळतात. तथापि त्याचे खरे मोठे काम तिसऱ्या मार्गावर झाले.

मुंबई, पुणे आणि दरबार

१७९१-९२ मध्ये वेल्सने मुंबई बेटाची दृश्ये रेखाटली. माझगावचा बेलमाँट, मलबार टेकडी, शीवचा किल्ला, वरळीकडचा बांध अशा ठिकाणांहून घेतलेली ही बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर लंडनमध्ये रंगीत छापचित्रांच्या संचरूपाने प्रसिद्ध झाली. या दृश्यांत इटालियन रीत ठळकपणे दिसते. उंचावरून पाहणारा डोळा, पुढे झाडी, मध्ये पाणी, मागे विरळ होत जाणारी बेटे. मुंबईत समुद्र होता, बाष्प होते. त्यामुळे ती रीत पुष्कळ अंशी निभावली. इतिहासाच्या अभ्यासकाला या चित्रांचे मोल वेगळ्याच कारणाने वाटते. भराव पडण्यापूर्वीची, अलग बेटांची मुंबई त्यांत दिसते.

१७९२ मध्ये तो पुण्यास आला. कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्यात होता आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याचे वास्तव्य असे. (त्याच संगमाचे पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ, शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर भीमेला मिळते.) मॅलेटच्या खटपटीने वेल्सला दरबारात प्रवेश मिळाला. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांचे नाना फडणवीस व सेवकांसह काढलेले १७९२ चे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच वर्षी उत्तरेतून पुण्यास परतलेल्या महादजी शिंदे यांचेही चित्र त्याने काढले. नानांचा चेहरा आज आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बहुतांशी वेल्सच्या कुंचल्यातून, हे त्याचे ऋण मान्य करावयास हवे.

शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालातील दरबाराचे जे प्रसिद्ध चित्र पाठ्यपुस्तकांतून वारंवार छापले जाते, त्याबाबत मात्र सावधगिरी बाळगली पाहिजे. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाचा तो प्रसंग आहे. हे चित्र थॉमस डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांवरून इंग्लंडमध्ये रंगवले आणि १८०५ मध्ये ते रॉयल अकादमीत प्रदर्शित झाले. सध्या ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. वेल्स हिंदुस्थानात आला तोच १७९१ मध्ये. म्हणजे तहाच्या प्रसंगी वेल्स पुण्यात नव्हता आणि डॅनियलही नव्हता. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतील इमारती नष्ट झाल्याने रंगमहालाची कल्पना येण्यासाठी या चित्राकडे वळावे लागते हे खरे. परंतु त्याला प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणणे हे शास्त्रशुद्ध नव्हे. वास्तूपुरता त्याचा आधार घेता येईल, प्रसंगापुरता नाही.

लेण्यांतील प्रकाश

मार्च १७९३ मध्ये थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम मुंबईस आले. वेल्सने त्यांना घारापुरी, कान्हेरी, जोगेश्वरी, कार्ले येथील लेणी दाखवली. पुढे १७९५ मध्ये तो वेरूळलाही गेला. लेणी हा त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या तीन वर्षांचा ध्यासच होता.

याची कारणे सांगताना सामान्यतः पुरातत्त्वाची जिज्ञासा, मॅलेटची आवड आणि तत्कालीन युरोपातील प्राचीनतेचे आकर्षण यांचा उल्लेख होतो. ती सर्व कारणे ग्राह्य आहेत. परंतु चित्रकाराच्या बाजूने पाहता आणखी एक कारण संभवते, आणि ते प्रकाशाचे आहे. बाहेर माळावर जे छायाप्रकाशाचे क्रम दुपारी पुसले जातात, ते लेण्याच्या आत दिवसभर शाबूत असतात. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब असून त्याचे तोंड पश्चिमेस आहे. दर्शनी कमानीच्या मोठ्या गवाक्षातून येणारा प्रकाश आडवा आत शिरतो, स्तंभांच्या ओळीवरून एकेक पायरी मंद होत जातो आणि स्तूपाशी पोहोचेपर्यंत मऊ होतो. वेरूळची लेणीही पश्चिमाभिमुख आहेत; उतरत्या दुपारी सूर्य त्यांच्या ओसऱ्यांत थेट डोकावतो. रोमच्या चित्रकारांनी माळावर जो तिरपा प्रकाश शोधला, तो दख्खनमध्ये कातळाच्या पोटात सापडतो.

कैलास लेणे याला अपवाद आहे, आणि म्हणूनच ते चित्रकाराची परीक्षा पाहते. ते डोंगरात आडवे न कोरता वरून खाली कोरत नेलेले आहे. मागची कातळभिंत शंभर फुटांइतकी उंच, मधोमध मंदिर, वरती मोकळे आकाश. दुपारी ऊन सरळ विहिरीत पडावे तसे अंगणात पडते. कळस पांढरा होतो आणि भोवतालच्या ओवऱ्या काळ्या. मधल्या छटा नाहीत. इटालियन रीतीचा येथे काही उपयोग नव्हता. उपयोगी पडली ती मोजपट्टी. वेल्सच्या लेण्यांच्या रेखाटनांत मनोहर दृश्याची जागा हळूहळू मापे, छेद आणि तलविधान घेऊ लागतात. निसर्गचित्रकार वास्तुरेखक होत जातो. हा बदल काही जण चित्रकार म्हणून त्याची पीछेहाट मानतील. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तो त्याचा सर्वांत प्रामाणिक काळ होय. कारण समोरच्या वस्तूला आपल्या रीतीत बसवण्याऐवजी त्याने आपली रीत बाजूस ठेवली.

वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने वेरूळच्या चोवीस दृश्यांचा छापसंच तयार केला. १८०३ मध्ये तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. डॅनियलच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या १४४ दृश्यांच्या मालिकेतील तो सहावा व अखेरचा भाग गणला जातो. मुखपृष्ठावर दोन नावे ठळक आहेत, रेखाटनकार वेल्स आणि कोरीवकामाचा सूत्रधार डॅनियल.

गंगाराम तांबट

तिसरे नाव तेथे नाही. गंगाराम हा पुण्याच्या तांबट समाजातील. वेल्स येण्यापूर्वीच तो मॅलेटसाठी काम करीत होता, ही बाब अत्यंत महत्त्वाची आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे, म्हणजे वेल्स मुंबईस उतरण्याच्या कित्येक महिने आधीचे. ‘वेल्सने गंगारामाला घडवले’ असे विधान अनेकदा केले जाते, ते या एका तारखेने अपुरे ठरते. यथादर्शनाचे तंत्र, मापून रेखाटणे, छायेचे थर चढवणे या गोष्टी तो वेल्सजवळ शिकला असणे संभवनीय आहे. पण निरीक्षण त्याचे स्वतःचे होते. वेरूळ-कार्ल्याची रेखाटने, पुण्याची दृश्ये, कसरत करणारे मल्ल असे त्याच्या विषयांचे क्षेत्र विस्तृत दिसते.

वेल्स आणि गंगाराम यांच्या कामाची तुलना केल्यास प्रकाशाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. गंगारामचा भर रेषेवर आहे. त्याच्या गेंड्याभोवती झाडी नाही, आभाळ नाही, सोनेरी संध्याकाळ नाही. कातडीच्या घड्या मात्र एकेक मोजून घ्याव्यात अशा आहेत. भारतीय लघुचित्रपरंपरेत प्रकाश कोणत्या बाजूने येतो हा प्रश्नच फारसा विचारला जात नाही. सर्व वस्तू सारख्याच उजेडात उभ्या असतात. युरोपीय शिक्षकाच्या दृष्टीने ही उणीव. दख्खनच्या दुपारी घराबाहेर उभे राहून पाहिले असता मात्र ही रीत वास्तवाच्या अधिक जवळची वाटू लागते. सूर्य डोक्यावर असताना वस्तू खरोखरच अशा दिसतात, कडा स्पष्ट, सावली नगण्य. वास्तवदर्शी आणि सांकेतिक असा जो भेद आपण वर्गात सहजपणे शिकवतो, तो कोणत्या अक्षांशावर उभे राहून केला आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगावयास हवे.

लेण्यांच्या कामात गंगाराम वेल्सचा सहायक होता. त्या काळी युरोपातही कार्यशाळेतील सहायकांची नावे मुखपृष्ठावर येत नसत, तेव्हा केवळ वेल्सला दोष देणे योग्य नाही. परंतु दोनशे वर्षांनंतर आपणही तोच क्रम चालू ठेवावा, याला मात्र समर्थन नाही.

१७९५ नंतर

वेल्स आणि मॅलेट यांच्या प्रयत्नातून पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाल्याचे उल्लेख इतिहासग्रंथांत आढळतात. तिचे आयुष्य अल्प ठरले. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये, साष्टी बेटावर लेण्यांचे रेखाटन चालू असतानाच आजारी पडून वेल्स वारला. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. महिन्याभरात आश्रयदाता आणि शिक्षक दोघेही गेले, आणि पुणे सत्तास्पर्धेत गुंतले. वेल्सच्या अनाथ मुलींची जबाबदारी मॅलेटने घेतली. थोरली सुसॅना हिच्याशी त्याने १७९९ मध्ये इंग्लंडमध्ये विवाह केला. त्यामुळे वेल्सची रेखाटने आणि गंगारामची चित्रे मॅलेट कुटुंबाकडे एकत्र राहिली. यांपैकी मोठा भाग आज अमेरिकेत, न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. वेल्सची रोजनिशीही तेथेच आहे.

महाराष्ट्रातील आधुनिक कलाशिक्षणाचा इतिहास सामान्यतः १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेपासून सांगितला जातो. संस्थात्मक दृष्ट्या ते बरोबरच आहे. तेथे शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरास परतून कोटितीर्थाच्या काठी निसर्गचित्रे करीत राहिले, सा. ल. हळदणकर यांनी जलरंगांना वेगळी उंची दिली. पुण्याची चित्रशाळा मात्र या वंशावळीत एखाद्या ओळीपुरती येते, आणि त्या ओळीतही बहुधा वेल्सचेच नाव असते.

येलच्या संग्रहातील गंगारामची अनेक चित्रे आता आंतरजालावर मोठ्या आकारात पाहता येतात. शिरूर-दौंड परिसरातील शाळांतून दरवर्षी एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांची घरे भीमा आणि घोड नदीच्या खोऱ्यांतील उघड्या माळावर आहेत. या मुलांना १७९० चा गेंडा दाखवणे आणि मेच्या मध्यास अंगणात बांबू रोवून त्याची सावली कागदावर मांडायला लावणे, ही दोन्ही कामे कोणत्याही चित्रकला शिक्षकाला एका तासात करता येण्याजोगी आहेत.